शून्याची दुप्पट

दिवस आठवडे बाजाराचा, महिना पौष, ठिकाण राजुरी. रक्कम तीनशे रुपये, आगाऊ. हजर माणसं: लॅबवाला स्वतः, माझी थोरली बहीण आक्का, तिच्या खांद्यावर तिची दोन महिन्यांची नात, साखरेच्या रिपोर्टची वाट पाहणारे पिंपरी पेंढारचे दोघं, शेजारचा चहावाला आणि मी. बाळाची आई हजर नव्हती. तिला विचारलेलंही नव्हतं.

लॅबवाल्यानं रिपोर्टच्या कागदावर स्टेपलर ठेवला, वरून तळहात आपटला, ठक्, आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, “पॉझिटिव्ह हाय, आक्का. एचआयव्ही. मशीन खोटं बोलत नाय, माणूस बोलतो.”

हे तो त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला. त्याचा नेहमीचा आवाज रस्त्यापलीकडच्या भेळवाल्याला ऐकू जायचा.

असा माणूस तुमच्याही बाजारात बसत असेल. रक्त काढायचा आणि रिपोर्ट ओरडून सांगायचा. कागद हातात द्यायच्या आधी आकडा हवेत. “साखर तीनशे दहा! पावणं, आता लग्नाला गेलात तर अक्षता टाकायच्या आन् मागं फिरायचं. पंगतीकडं बघायचं बी नाय!” एका मावशींचं हिमोग्लोबिन सात निघालं, तर म्हणाला, “मावशी, तुमच्यापरीस टोमॅटोत रक्त जास्त हाय.” मावशी लाजून हसल्या. बाकावर बसलेले सगळे हसले. मीही हसलो.

लोकांना हे आवडायचं, हे आधीच सांगून टाकतो, नाही तर सगळं त्याच्या एकट्याच्या माथी मारल्यासारखं होईल. निमगाव सावाच्या एका म्हाताऱ्याचे सगळे आकडे चांगले आले, तेव्हा त्याचा भावकीतला एक जण नेमका चहाचे पैसे द्यायला उठला होता. म्हातारा म्हणाला, “राव, त्यो बसूस्तोवर थांबा, मग पुन्यांदा सांगा.” लॅबवाला थांबला आणि पुन्हा सांगितलं. गावाला आपली रक्तं अशी चव्हाट्यावर मांडून घ्यायची सवय लागली होती. साखर, थायरॉईड, कावीळ असली रक्तं होती तोवर कुणाचं काही बिघडलं नाही.

गाळा माझा, तो माझा भाडेकरू. मी एका पतसंस्थेत हिशेब पाहतो, त्यामुळे माणसाची जमा आणि नावे वेगळी मांडायची मला खोड आहे. जमेच्या बाजूला एक गोष्ट मोठी आहे. माझे वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांच्या हाताला शीर सापडत नसे. हा घरी यायचा, त्यांचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून शेकल्यासारखा गरम करायचा आणि म्हणायचा, “म्हातारबा, मुंगी चावंल बघा.” एकाच टोचण्यात रक्त. घरी येण्याचे वेगळे पैसे त्यानं कधी घेतले नाहीत. हे जमेला धरलं. पुढचं सगळं नावे आहे.

नोटा तो दोनदा मोजायचा. शंभराच्या तीन असल्या तरी अंगठा ओला करून दोनदा. आक्काच्याही मोजल्या.

आता आक्का तिथं का आली होती, ते सांगायला हवं. तिची सून मनीषा पोटुशी असताना सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं आणि तिला एचआयव्ही असल्याचं कळलं. मग भाच्याचं तपासलं. त्यालाही होता. कुणाकडून कुणाला, हा एक हिशेब मी केलेला नाही आणि करणारही नाही. दोघांना गोळ्या चालू झाल्या. मनीषानं एकही गोळी चुकवली नाही. मुलगी झाली, बाळालाही पहिल्या दिवसापासून औषधाचे थेंब चालू केले. सहा आठवड्यांची झाल्यावर दवाखान्यात तिच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब एका जाड कागदावर घेतले, तो कागद वाळवला आणि मोठ्या प्रयोगशाळेला पाठवला. त्याला पीसीआर म्हणतात. रिपोर्ट यायला वेळ लागेल, असं सांगून ठेवलं होतं.

आक्काला वेळ काढवेना. पौष संपला की बारसं करायचं ठरलं होतं. बारशाला पाच-पन्नास बाया येणार, मांडीवर घेणार, पाळण्याखालून गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत एकीच्या हातून दुसरीच्या हाती देणार. त्याआधी तिला खात्री हवी होती. त्यात मागच्या बाजाराला तिनं लॅबवाल्याला सहज विचारलं होतं, की कागदावर रक्त वाळवून काय कळतं हो?

तो पोट धरून हसला होता. “रक्त वाळवत्यात? पापड हायेत का कुरडया? आक्का, माझ्याकडं आना. ताजं रक्त, पंधरा मिन्टांत निकाल.”

म्हणून मनीषाला “बाळाला टोपडं घेऊन येते” असं सांगून आक्कानं बाळाला बाजारात आणलं. मला तिथं पाहून ती चपापली. मी काही विचारायच्या आत त्यानं बाळाच्या इवल्याशा पायाला टोचलंही होतं. पंधरा मिनिटांनी दोन रेघा आल्या. त्यात मशीन कुठंही नव्हतं, हेही लिहून ठेवतो. बोटभर लांबीची प्लास्टिकची पट्टी होती.

आक्का मटकन बाकावर बसली. पिंपरी पेंढारचे ते दोघं आपले साखरेचे रिपोर्ट न घेताच उठले. पिंपरी पेंढार हे आक्काचंच गाव. आक्का रडणं आवरून जीपला बसेपर्यंत ते गावात पोचले होते. तिनं काही सांगण्याची गरज उरली नाही.

बारसं मोडलं. कुणी मोडलं नाही, आपोआप मोडलं. पाळणा शेजारच्या घरून मागून आणला होता, शिसवी, पितळी कड्यांचा. तिसऱ्या दिवशी आक्का तो परत द्यायला गेली, तर शेजारीण दारातच म्हणाली, “राहू द्या तुमच्याकडंच. आमाला आता लागत न्हाई.” तिची लेक सातव्या महिन्याची बाळंतपणाला आलेली होती आणि ओट्यावर बसून वटाणे सोलत होती.

पाळणा परत घरात आला. आक्कानं तो पडवीत उभा करून ठेवला. मनीषानं तो आडवा केला, पुसला आणि मुलीला त्यातच झोपवलं. त्या दिवसापासून ती मुलीला कुणाच्या हातात देईना. आक्काच्याही नाही. आक्का नुसती समोर बसून राहायची. नातीला नाव नव्हतं, त्यामुळे हाक काय मारावी तेही तिला कळत नसे.

मी भेटायला गेलो तेव्हा मनीषा रडत नव्हती. म्हणाली, “मामा, तुमी हिशोबाचं मानूस. माझं मला म्हाईत हाय, त्याचं मला काय न्हाई. हिला हाय का न्हाई, तेवढंच मला खरं सांगा.”

मला खरं काय ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला आणि भाच्याला घेऊन दवाखान्यात गेलो. तिथल्या समुपदेशक बाईंनी सगळं ऐकून घेतलं. लॅबमधल्या पट्टीचं ऐकलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“पट्टी विषाणू शोधत नाही,” त्या म्हणाल्या. “विषाणूशी लढायला शरीर जे तयार करतं, ते शोधते. बाळ पोटात असताना आईचं ते सगळं बाळात उतरतं आणि वर्ष-दीड वर्ष राहू शकतं. दोन रेघा आल्या, त्या मनीषाच्या आहेत. बाळाबद्दल त्या काहीच सांगत नाहीत.”

“मग कागदावरचं रक्त काय सांगतं?” मी विचारलं.

“ते थेट विषाणू शोधतं. त्याचा एवढासा अंश जरी रक्तात असला, तरी त्याच्या नकला काढायच्या. एकाचे दोन, दोनाचे चार. तीस-चाळीस वेळा दुप्पट. मग तो लपत नाही.”

हे मला समजलं. बाईंच्या सगळ्या बोलण्यात एवढंच पूर्ण समजलं. बाहेरच्या बाकावर बसून मी मनातल्या मनात दुप्पट करत गेलो. दहाव्या वेळेला हजारावर, विसाव्या वेळेला दहा लाखांवर, तिसाव्या वेळेला शंभर कोटींच्या पुढं. मनीषा शेजारी बसली होती. म्हणाली, “आन् रक्तात कायच नसंल तर, मामा?”

मी म्हणालो, “शून्याची दुप्पट शून्यच. कितीही वेळा कर.”

ती एवढंच धरून घरी गेली. पुढं रिपोर्ट येईपर्यंत माझा फोन वाजला की बहुतेक तिचाच असायचा आणि विचारणं एकच: “शून्याचं शून्यच ऱ्हातंय ना?” मी हो म्हणायचो. चाळीस वेळा दुप्पट केलं तरी? हो, चाळीस वेळा केलं तरी.

माघ सरता सरता बाईंचा निरोप आला. भाचा आणि मनीषा दवाखान्यात जाऊन आले. विषाणू आढळला नाही. दूध अंगावरचं चालू होतं, म्हणून सहा महिन्यांची झाली की पुन्हा एकदा पीसीआर आणि दीड वर्षाची झाली, दूध सुटलं की शेवटची तपासणी, असं बाईंनी सांगितलं होतं. पण आजच्या घडीला नाही.

मी दोघांना विचारलं, गावात सांगायचं का? मनीषा म्हणाली, “ज्यानं वरडून सांगितलं त्यानंच सांगावं.”

मला ते रास्त वाटलं. पुढच्या बाजाराला मी लॅबमध्ये गेलो. बाकावर माणसं होती. मी म्हणालो, “माझ्या भाच्याच्या मुलीची पीसीआर आली. निगेटिव्ह. तुम्ही त्या दिवशी सांगितलं तसं आज सांगा.”

त्यानं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. माझा दंड धरून मला आतल्या खोलीत नेलं आणि म्हणाला, “भाऊ, पेशंटची माहिती गुप्त ठेवाया लागती. कायदा हाय.”

बारीक आवाजात म्हणाला. मी त्याला सहा वर्षं ओळखत होतो. त्याच्याकडे बारीक आवाज आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

“त्या दिवशी कायदा कुठं होता?”

“माझी टेस्ट चुकली नाय. दोन रेघा आल्या व्हत्या. आल्या व्हत्या का नाय?”

“आल्या होत्या.”

“मग? मशीन खोटं बोललं काय?”

“लहान बाळात आईच्याच रेघा येतात. हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

 टेबलावर एक कोरा कागद होता. त्यानं त्यावर स्टेपलर ठेवून उगाच एक टाका मारला. हळू, आवाज न करता. त्याला माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही कळलेलं नाही. माहीत असून ओरडला, की माहीत नसताना ओरडला, यातलं जास्त वाईट कुठलं, तेही मला ठरवता येत नाही. दोन्ही खाती मी उघडी ठेवली आहेत.

कायद्याचं त्यानं सांगितलं ते खरंच होतं. बाई म्हणाल्या, तक्रार करता येते. भाचा नको म्हणाला. तक्रार म्हणजे पुन्हा नाव, पुन्हा चारचौघं. कराराची मुदत संपली तेव्हा मी गाळा दुसऱ्याला दिला. त्यानं वाद घातला नाही. जाताना बाक तेवढा चहावाल्याकडं ठेवून गेला.

त्याचं काही अडलं नाही. मंचरला त्यानं माझ्या गाळ्याच्या तिप्पट जागा घेतली. एकदा कामासाठी तिकडं गेलो तेव्हा पाटी पाहिली. काचेची, आतून दिवे लावलेली. वर त्याचं नाव, खाली लाल अक्षरात: सर्व प्रकारच्या पीसीआर तपासण्यांसाठी नमुने स्वीकारले जातील. पापड आता तोही पाठवत होता. मी रस्त्यात उभा राहून पाटी दोनदा वाचली, एवढा राग आला होता.

राजुरीचं गिऱ्हाईक मात्र त्यानं सोडलं नाही. बाजाराच्या दिवशी बर्फाची पेटी घेऊन यायचा, चहावाल्याच्या टेबलावर बसायचा, रक्त घेऊन संध्याकाळी मंचरला न्यायचा. मागच्या आठवड्याचे रिपोर्ट तिथंच वाटायचा. ठक्, आणि आकडा हवेत. लोक हसायचे. काही फरक पडलेला नव्हता, ना त्याच्यात ना लोकांत.

मुलीचं बारसं फाल्गुनात झालं. ईश्वरी नाव ठेवलं. घरची सात माणसं होतो. गावातून समुपदेशक बाईंनी ज्यांना समजावलं होतं त्या दोन आशाताई तेवढ्या आल्या. शेजारणीचाच पाळणा होता. तिनं तो अजून परत नेलेला नव्हता. सहा महिन्यांची पीसीआर पुन्हा तशीच आली. ईश्वरी रांगायला लागली, चालायला लागली, तरी अंगणाबाहेर गेली की आया आपापली पोरं उचलून घरात न्यायच्या. मनीषा ओट्यावरून बघत राहायची. मी आकडे सांगू शकत होतो, पण माझं ऐकणार कोण? मी मामा. गावानं ऐकलं होतं ते लॅबवाल्याचं.

ईश्वरी दीड वर्षाची झाली. दूध सुटून दोन महिने झाले होते. दवाखान्यातली शेवटची तपासणी झाली. या वेळी पट्टीच होती, तीच पट्टी. एकच रेघ आली. आईचं जे उतरलं होतं ते सगळं निघून गेलं होतं.

त्या रात्री मनीषाचा फोन आला. “मामा, बाजाराला येते. तुमी चहावाल्याकडं थांबा.”

ती आली ती ईश्वरीला कडेवर घेऊन, मागं आक्का. बाकावर पाच-सहा माणसं होती. त्यांत पिंपरी पेंढारचे ते दोघंही होते. साखर अजून उतरली नव्हती त्यांची. लॅबवाल्यानं मनीषाला ओळखलं नाही, त्यानं तिला कधी पाहिलंच नव्हतं. आक्काला ओळखलं आणि त्याचा हात आपसूक चष्म्याकडं गेला.

मनीषानं टेबलावर दवाखान्याचा कागद ठेवला, त्यावर शंभराच्या तीन नोटा.

“रक्त घ्यायचंय?” त्यानं विचारलं.

“न्हाई. पोरीला आता कुनी टोचायचं न्हाई. तपासनी झाली. वाचून दावा.”

“वाचायचे पैशे नसतात, ताई.”

“वाचायचे न्हाईत. वरडायचे हायेत.”

चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. लॅबवाल्यानं कागद उचलला, डोळे फिरवले आणि तोच बारीक आवाज काढला. “ताई, असं चारचौघांत… तुमचंच नाव…”

“माझं नाव तुमी दीड वरसामागं सांगून ठिवलंय. समद्यांना ठावं हाय. आता हिचं सांगा.”

“निगेटिव्ह हाय,” तो कागदाकडं बघत म्हणाला.

“भेळवाल्याला ऐकू न्हाई गेलं.”

बाकावरचं कुणी हसलं नाही. आक्का पदर तोंडावर धरून उभी होती. लॅबवाल्यानं चष्मा कपाळावर सरकवला. मान वर केली.  “निगेटिव्ह!” तो ओरडला. “पोरीला काय बी नाय! पयल्यापासून नव्हतं!”

‘पयल्यापासून नव्हतं’ हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते त्यानं स्वतःहून घातलं. मला तो माणूस आवडत नाही, पण म्हटला ते म्हटला.

ईश्वरीनं मघापासून टेबलावरचा स्टेपलर पाहून ठेवला होता. तिनं कडेवरून वाकून हात लांब केला. त्यानं कागद खाली धरला, स्टेपलर तिच्यापुढं सरकवला, आणि तिच्या तळहाताखाली आपलं एक बोट दिलं, म्हणजे तिला जोर यावा. माझ्या वडिलांचा हात तो तसाच धरायचा. ठक् झालं. ती हसली आणि पुन्हा हात उगारला.

पिंपरी पेंढारच्या दोघांपैकी एक जण उठला. मला वाटलं, हेही निघाले. तो मनीषाला म्हणाला, “पोरगी बसू द्या हितं. उन्हातनं आलाय तुमी.” आणि बाकावर जागा करून दिली. ईश्वरी बसली, तिच्या शेजारी तोही टेकला. या वेळी त्यानं आपला साखरेचा रिपोर्ट मागून घेतला.

पुढच्या बाजाराला लॅबवाला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आता त्याचा एक माणूस मोटरसायकलवर येतो, पेटी घेऊन जातो आणि रिपोर्ट बंद पाकिटात देतो. लोकांना करमत नाही म्हणे. शेजारणीनं पाळणा अजून नेलेला नाही, पण तिची नात त्या अंगणात ईश्वरीबरोबर खेळताना मी परवा पाहिली.

शेवटी दिलेली रक्कम तीनशे रुपये. देणारी मनीषा, घेणारा तोच. तो “राहू द्या” म्हणाला होता, तिनं नोटा त्याच्या हातात कोंबल्या. त्यानं त्या तशाच खिशात घातल्या. मोजल्या नाहीत.